व्याह्यांस नोटिशीचा खुलासा

माळवेढे, ता. श्रीगोंदा,
जिल्हा नगर (नोटिशीवर अहिल्यानगर आहे, तेच बरोबर, माझा हात जुन्या वळणाचा).
आषाढ वद्य तृतीया, शनिवार.

सन्माननीय व्याही श्रीमंतराव यांस माळवेढ्याहून बजरंगचा हात जोडून नमस्कार. विहीणबाईंनाही आम्हा दोघांचा नमस्कार सांगावा. आपल्या गुडघ्याला त्या आयुर्वेदिक तेलाचा उतार पडला का? गोदावरीला यंदा पाणी कसे आहे, उसाच्या आडसाली लागणी झाल्या का, तेही कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. क्षेम नाही, हे आपणास माहीत आहेच, कारण नोटीस आपल्या घरातच वाचली गेली.

पत्र लिहायचे कारण असे की आपण फोन उचलत नाही. गेल्या दीड महिन्यात मी आपणास एकोणीस फोन केले. पहिल्या दोन-तीन वेळा वाटले, रेंज नसेल. पुढे वाटले, आपण शेतात असाल. दहाव्या फोननंतर आमची मंडळी म्हणाली की माणूस एवढा वेळ शेतात नसतो, आणि कोपरगावसारख्या बागायती भागात तर मुळीच नसतो. (मंडळी म्हणजे रतनबाई. ती हयात आहे. हे वाक्य इथे का लिहावे लागले ते पुढे येईल.) पंधरा वर्षांपूर्वी लग्नात आपण वरबाप म्हणून माझा जो मान केलात तो मी विसरलेलो नाही. आज वरबाप खाली मान घालून वधूपित्याला खुलासा पाठवतो आहे, असे कुठे झालेले माझ्या ऐकिवात नाही. पण मलाच अजून नीट कळलेले नाही की हे झाले कसे, तेव्हा आपणास लिहिता लिहिता कदाचित मलाही उमगेल.

तर आपला जावई, म्हणजे आमचा कल्याण, आपल्या आई-बापाला सांभाळत नाही, अशी तक्रार मी प्रांत कार्यालयात केली आणि त्याची नोटीस पुण्याला गेली, असे आपण समजता. तक्रार माझ्या नावाची आहे हे खरे. अक्षर माझे आहे हेही खरे. सही माझी आहे. परंतु ती तक्रार मी केलेली नाही. एवढे वाचून पत्र खाली ठेवू नये ही विनंती.

आपणास ठाऊक आहे की कारखान्याच्या वजनकाट्यावरून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीसपद घेतले. (घेतले म्हणजे गळ्यात पडले. सभेला एकट्या माझ्याच खिशाला पेन होते.) अध्यक्ष आमचे सहादेव. एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, त्यामुळे एकदा गाडी हलली की मागे बघायचे काम कंडक्टरचे, असा त्यांचा स्वभाव. यंदा पंचांगात ज्येष्ठ महिनाच अधिक येणार, हे त्यांना संक्रांतीलाच कुणी तरी सांगितले आणि त्यांनी तो शकुन मानला. म्हणाले, यंदा ज्येष्ठांचा कायदा बदलून घ्यायचाच. आई-वडिलांना मुलांनी सांभाळावे असा कायदा आहे, हे आमच्यातल्या निम्म्यांना तेव्हाच कळले. म्हणजे कायदा आहे हेही तेव्हाच कळले आणि तो बदलायचा आहे हेही त्याच बैठकीत कळले. सोसायटीच्या ऑफिससमोर लिंबाखाली आम्ही रोज संध्याकाळी चार ते सहा मागण्या ठरवू लागलो.

मागण्या ठरवणे किती अवघड असते, हे विधानसभेत बसणाऱ्यांनाच माहीत. एस.टी.ची पहिली पायरी गुडघ्याच्या वर नसावी, ही मागणी एकमताने झाली. फक्त गुडघा कुणाचा धरायचा यावर दोन संध्याकाळी गेल्या. आधार कार्डावर बोटाचे ठसे उमटत नसतील तर माणसाला खोटे समजू नये, हीही झाली. मग गोजरबाई उठल्या. त्यांचा मुलगा सुरतेला असतो. त्या म्हणाल्या, "लेकानं म्हैन्यातून एकदा घरी यावं, असा कायदा लिवा." मी चिटणीस. मी त्यांना समजावले की असे कायद्यात बसत नाही, कायदा जेवण, औषधपाणी, निवारा एवढेच बघतो, माया कायद्याने मिळत नसते. त्या म्हणाल्या, मी मायेचं कुठं म्हनलं, मी यायचं म्हनलं. मी ती मागणी लिहिली नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. (तारखेला मात्र माझ्या बाजूने बोलल्या. तेही पुढे येईल.)

निवेदन घेऊन आम्ही अकरा जण आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. साहेब नव्हते. त्यांच्या सहायकाने चहा दिला, निवेदन डोळ्याखालून घातले आणि सभ्यपणे विचारले की आहे त्या कायद्याखाली आपल्या तालुक्यातून या वर्षी किती अर्ज झाले. आम्ही एकमेकांकडे बघितले. त्याने कुठे तरी फोन लावून विचारले आणि सांगितले, शून्य. मग म्हणाला, आजोबा, जो कायदा कुणी वापरतच नाही तो अपुरा आहे हे तुम्हाला कळले कसे? परतताना गावात उतरता उतरता सहादेव म्हणाले, आता घरोघर फिरायचे आणि अर्ज गोळा करायचे. पन्नास अर्ज टेबलावर आपटले की सरकार हलते.

व्याहीसाहेब, चैत्राच्या उन्हात आम्ही म्हाताऱ्यांनी तीन आठवडे वस्त्यांवरून फिरून जे पाहिले ते लिहायला बसलो तर कागद पुरणार नाहीत. ज्याच्या घरात सून दोन दिवसांचे शिळे वाढते तो म्हणे, माझी सून लक्ष्मी आहे. ज्याचा पोरगा तीन वर्षांत फिरकला नाही तो म्हणे, त्याला तिकडे सायबानं लई जीव लावलाय, सोडतच न्हाईत. आमच्या लंकाबाईंना मी स्वतः दोनदा समजावले. त्यांच्या घराचे पत्रे उडालेले, मुलगा ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन कर्नाटकात गेला तो कारखाने बंद झाले तरी तिकडेच. त्या म्हणाल्या, "पोराचं नाव सरकारी कागदावर टाकू व्हय? त्याच्या पोरी उजवायच्यात अजून." तीन आठवड्यांत एकही अर्ज मिळाला नाही. आमच्या गावात एकही दुःखी म्हातारा नाही, असे कागदोपत्री सिद्ध झाले. आणि संध्याकाळी लिंबाखाली बसलो की तेच सगळे जण येऊन बसत आणि पाच वाजले तरी घरी चहाला उठत नसत.

तेव्हा असे ठरले की लोकांना अर्ज भरता येत नाही म्हणून ते घाबरतात. एक नमुना भरून दाखवावा. नमुना भरायचा म्हणजे त्यात कुणाचे तरी नाव हवे. मी 'अबक' असे लिहू लागलो तर सहादेव म्हणाले, लोकांना खरे वाटले पाहिजे. दुसऱ्याचे नाव असल्या कागदावर घालणे मला पटेना. म्हणून मी माझे घातले. आपल्या मुलाबद्दल खात्री आहे म्हणूनच माणूस असे करू शकतो, हे आपण लक्षात घ्यावे. नमुना जोरदार हवा म्हणून थोडे रंग भरले. उत्पन्नाचे साधन, नाही. प्रकृती, एक डोळा अधू. (हे खरे होते, मोतीबिंदू पिकला होता.) पत्नी, हयात नाही. हे मात्र माझ्या हातून का लिहिले गेले ते देव जाणे. निराधार माणूस जास्त निराधार दिसावा एवढाच हेतू होता. रतनबाई त्या वेळी माझ्या शेजारी बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मुलाची शेवटची भेट कधी, या रकान्यात काही रचावे लागले नाही. मागल्या दिवाळीच्या पाडव्याला दोन तास, असे लिहिले. आणि दरमहा किती अपेक्षित, या रकान्यात मी 'एक' असे लिहिले. ते काय मनात धरून लिहिले हे पुढे मला भर कचेरीत सांगावे लागले.

अर्ज मी फुलस्केप कागदावर भरला होता, कारखान्याची सवय. वर ठळक 'नमुना' असे लिहिले होते, शेवटी सवयीने सहीही केली होती, आणि तिच्याही खाली, तळाशी, 'याप्रमाणे भरावा' असे. सहादेवांनी स्टँडवर त्याच्या साठ झेरॉक्स काढल्या. झेरॉक्सचा कागद आखूड. वरचा 'नमुना' गेला, खालचे 'याप्रमाणे भरावा' गेले, आणि मधला मी तेवढा राहिलो. हे मला तेव्हा दिसले नाही, कारण त्याच आठवड्यात मी डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला होतो. आमच्या स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन एक कोरा कागद आणि एक भरलेला असे दोन-दोन वाटले, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना भरलेला मोठ्याने वाचून दाखवला. लोकांनी तो शेवटपर्यंत ऐकला, पदराने डोळे टिपले आणि विचारले, अंगठा कुठे उमटवायचा.

आता आपणच सांगा, श्रीमंतराव, यात लोकांची काय चूक? स्वतःच्या पोराविरुद्ध कागदाला बोट लावायला जे गाव तीन आठवडे तयार नव्हते, ते गाव माझ्या पोराविरुद्ध एका दिवसात तयार झाले. एकेचाळीस जण. त्यांना वाटले, संघ बजरंगअण्णांसाठी साक्षी गोळा करतोय. आयुष्यभर काट्यावर या माणसाने कुणाच्या गाडीचे एक किलो इकडचे तिकडे केले नाही, त्याच्यासाठी एवढे करायला नको? भरलेला कागद सही करून परत दिला आणि कोरा घरात ठेवून घेतला. (लंकाबाईंनी कोऱ्याची पुडी करून त्यात ओवा ठेवला आहे. मी पाहिला.) सहादेवांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा ते फक्त गाडी चालवताना लावतात, जी ते आता चालवत नाहीत. त्यांनी एकेचाळीस भरलेले कागद बघितले, आनंदाने दोरीने बांधले आणि त्याच दिवशी प्रांत कार्यालयात नेऊन आवकचा शिक्का मारून घेतला. कार्यालयाने काय बघायचे? एक अर्जदार, एक मुलगा, एकेचाळीस साक्षीदार. एवढी भक्कम तक्रार त्यांच्याकडे कधी आली नसेल.

मी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून नगरहून परत आलो तर गाव बदललेले. रस्त्यात लोक थांबून माझा हात हातात घेत. गोजरबाईंनी न बोलता ओट्यावर अंडी ठेवली. लंकाबाईंनी घाऱ्या आणल्या. मला वाटले, डोळ्याच्या ऑपरेशनची एवढी काळजी! मी सगळ्यांना सांगत होतो की फार त्रास झाला नाही, सुरुवातीला चुरचुरले, आता सवय झाली. ते ऐकून लोक आणखीच गहिवरत. एक जण म्हणाला, आमच्या पडवीत खाट टाकतो, वाटेल तेव्हा झोपायला या. मंडळीला हे अपमानास्पद वाटले. चार दिवस ती दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की आमच्या घरात चूल पेटते. मलाही काही सुधरेना. पण घाऱ्या चांगल्या होत्या, म्हणून फार खोलात गेलो नाही.

पुढचे आपणास माझ्यापेक्षा जास्त माहीत. अधिक महिन्यात आपण जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलेत, आणि पोरे पुण्याहून निघता निघता सोसायटीच्या वॉचमनने सूनबाईच्या, सुकन्याच्या हातात नोटीस दिली. तिने ती गाडीतच वाचली. पुण्याहून कोपरगावला जाताना बेलवंडी फाटा लागतो, तिथून आमचे गाव पाऊण तासावर. (तक्रार म्हणून सांगत नाही, भूगोल सांगतो.) गाडी वळली नाही. आपल्या घरी तुपात बुडवलेले धोंडे पानात असताना आपण ती नोटीस मोठ्याने वाचलीत आणि जावई पानावरून उठला, असे ऐकले. विहीणबाईंनी एवढ्या मेहनतीने केलेले अन्न आमच्यामुळे पानात राहिले, याचे आम्हा दोघांना मनापासून वाईट वाटते. आपण त्या संध्याकाळी मला जो फोन केलात, त्यात आपण जे बोललात ते सगळे माझ्या ध्यानात आहे, पण पत्रात लिहिण्यासारखे नाही. शेवटचे एवढेच आठवते की अर्ज मागे घेईपर्यंत सुकन्या माळवेढ्याला पाय ठेवणार नाही आणि आपणही ठेवणार नाही.

मी दुसऱ्याच दिवशी अर्ज मागे घ्यायला निघालो होतो, हे शपथेवर सांगतो. सहादेवांनी मला फाट्यावर गाठले. ते बरोबर निम्मा संघ घेऊन आले होते. म्हणाले, अण्णा, तालुक्यातून या वर्षी या कायद्याखाली एकच अर्ज नोंदला गेलाय, तो तुमचा. तो मागे घेतला की पुन्हा शून्य. मग कुणाच्या तोंडाने कायद्यात बदल मागायचा? आणि एकेचाळीस जणांनी अंगठे दिलेत, त्यातल्या कित्येकांनी उभ्या जन्मात कुणाविरुद्ध कागद केला नव्हता. त्यांना तुम्ही खोटे पाडणार? मी बसमध्ये एक पाय ठेवून उभा होतो. (पायरी खरोखर उंच आहे.) एकीकडे पोटचा पोरगा आणि आपल्यासारखे व्याही, दुसरीकडे आख्खे गाव आणि कायदा. बस निघून गेली.

पहिल्या तारखेला कल्याण थेट कचेरीत आला. माझ्याशी बोलला नाही. आईच्या पाया पडला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. प्रांत मॅडमना अचानक जिल्ह्याला बैठकीला जावे लागले, म्हणून पुढची तारीख पडली. तेवढ्यात दुपारचा एक वाजला. आता उपाशीपोटी माणूस परत पुण्याला कसा जाणार? आम्हालाही बस नव्हती. मग अर्जदार, अर्जदाराची मयत पत्नी आणि गैरअर्जदार असे तिघे एकाच गाडीतून माळवेढ्याला आलो. मंडळीने हुलग्याची शेंगोळी केली. तो तीन वेळा वाढून घेऊन जेवला आणि ओसरीवरच्या खाटेवर आडवा झाला, तो चार तासांनी उठला. मी पंखा त्याच्याकडे वळवून ठेवला होता. जाताना म्हणाला, "अण्णा, हे तुम्ही बरं न्हाई केलं." मी म्हणालो, मी केलेच नाही. तो म्हणाला, मग कुणी केलं? मी सगळे सांगितले, झेरॉक्ससकट. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले की दिवाळी पाडवा, दोन तास, हेही झेरॉक्सवाल्यानेच लिहिले का. मी पंखा बंद करायला उठलो.

दुसऱ्या तारखेला मॅडम होत्या. वयाने सुकन्याएवढ्या, बोलायला सरळ. त्यांनी अर्जदार कोण ते विचारले, मी उभा राहिलो. अर्जदारातर्फे कोण बोलणार, असे विचारले. संघातर्फे सहायक म्हणून माझेच नाव दिलेले होते. मी बसलो होतो तो पुन्हा उभा राहिलो. मग त्यांनी अर्ज वाचायला घेतला आणि पत्नी हयात नाही इथपर्यंत आल्या, तेव्हा रतनबाई मागच्या बाकावरून उठली आणि म्हणाली, "मी जित्ती हाय की, सायेब!" लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली, पण तिने माझ्याकडे तसे कधी बघितलेले नव्हते. मॅडमनी साक्षीदारांना विचारले की या बाई जिवंत आहेत हे तुम्हाला माहीत होते का. गोजरबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, सगळ्यांस्नी म्हाईत हुतं, पर सरकारी कागदात असंच लिवावं लागतं ना? मॅडमनी त्या ओळीखाली पेनने रेघ ओढली.

मग त्यांनी विचारले की दरमहा अपेक्षित रक्कम 'एक' म्हणजे काय. एक हजार? एक लाख? कल्याणही पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघू लागला. मी आयुष्यभर काट्यावर आकडे लिहिले, एककाशिवाय आकडा कधी लिहिला नाही, आणि इथे लिहून बसलो होतो. मी म्हणालो, एक रविवार. सहादेवांनी रुमाल काढला. गोजरबाईंनी मात्र माझ्याकडे असे बघितले की माझी मागणी तेवढी तुझ्या कायद्यात बसत नव्हती होय. मला त्या क्षणी जमीन पोटात घेईल तर बरे, असे झाले. आपण माझ्या जागी असता तर काय बोलला असता, हे मी पुष्कळदा मनाशी विचारले.

मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी सांगितले की चुकून झाले असेल तर अर्ज मागे घेतो म्हणून दोन ओळी लिहून द्या, प्रकरण बंद करते. फक्त पत्नी मयत असल्याचे कागदावर आले आहे, तेव्हा पुढे कुठल्या योजनेत अडचण नको म्हणून बाईंचा हयातीचा दाखलाही जोडा. तेवढ्यासाठी आता तिसरी तारीख पडली आहे, नारळी पौर्णिमेच्या आधीचा शुक्रवार. त्या दिवशीही कल्याण जेवून गेला. वांग्याचे भरीत होते. या वेळी खाटेवर झोपला नाही, माझ्याशी बोलत बसला. कंपनीत माणसे कमी करताहेत, याला आठ महिने झोप नाही, रविवारीही लॅपटॉप उघडा असतो, हे मला तेव्हा कळले. आपणास माहीत होते का? मला वाटले होते, पोरगा विसरला. तो म्हणाला, अण्णा, आलो असतो तर तुम्ही तोंड बघून विचारलं असतं, म्हणून आलो नाही. मी एवढा गोंधळलो आहे की आता मी तक्रार केली होती की नव्हती, हेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

असो. एकंदर प्रकार असा आहे. यात कुणाचाही, निदान सुरुवातीला, वाईट हेतू नव्हता. जावयाबद्दल आपला गैरसमज नसावा, सुनेबद्दल आमचा काडीमात्र नाही. तिने मागच्या आठवड्यात मंडळीला फोन करून शेंगोळीत ओवा घालायचा की जिरे असे विचारले, तेव्हा मंडळीने फोन ठेवल्यावर पदर डोळ्याला लावला. आपण मोठ्या मनाने झाले गेले विसरावे. लहान-मोठ्यांस आमचा यथायोग्य निरोप सांगावा. चुकले-माकले पदरात घ्यावे.

आपला नम्र व्याही (आणि अर्जदार, आणि सहायक),
बजरंग

ता. क. माघारीच्या दोन ओळी मी पहिल्या तारखेच्या आधीच लिहिल्या आहेत. सहीसकट. दोन्ही तारखांना त्या माझ्या खिशात होत्या आणि दोन्ही वेळा मी त्या परत घरी आणल्या. संघाचे आणि एकेचाळीस अंगठ्यांचे कारण मी वर दिले आहे ते खरे आहे, पण अर्धेच आहे. कल्याण दोन महिन्यांत दोनदा आला. त्या आधीच्या दोन वर्षांत तो दोनदा आला नव्हता. तेव्हा आपणास हात जोडून विनंती की प्रकरण लवकर मिटवा म्हणून आपण जावयाच्या मागे लागू नये. आपले बोलणे तो ऐकतो, तीच भीती आहे.

ता. क. दुसरा. हयातीचा दाखला कधीच मिळाला आहे. मंडळीने तो डाळीच्या डब्याखाली ठेवला आहे आणि येत्या तारखेला 'सापडला नाही' असे सांगणार आहे. आणखी महिनाभर मयत राहायला तिची हरकत नाही. मात्र असल्या अर्जाचा निकाल नव्वद दिवसांत लागला पाहिजे असे कायद्यात आहे म्हणतात. ही फार कडक अट आहे. ती वाढवून निदान वर्षभर करावी, अशी नवी मागणी संघाने परवा एकमताने घेतली. तिकडच्या ज्येष्ठ मंडळींचा पाठिंबा मिळाला तर जोर येईल.

ता. क. तिसरा. खरे म्हणजे पत्र याच कामासाठी लिहायला घेतले होते. आपले चिरंजीव अंगद बंगळुरूला असतात, ते घरी शेवटचे कधी आले होते हे मला माहीत नाही आणि विचारणारा मी कोण? पण एकोणीस फोनांतला एक विहीणबाईंनी उचलला होता. त्या नुसते 'अंगद?' असे म्हणाल्या आणि माझा आवाज ऐकून फोन ठेवला. सोबत एक कोरा अर्ज जोडला आहे. आपण रागाने फाडालच, तो आपला अधिकार आहे. पण फाडण्याआधी एकदा विहीणबाईंना वाचून दाखवावा.